इमारतीचे सांधे

घरातील जुनी लाकडी खाट कुरकुरू लागली म्हणजे सुताराला बोलावणे जाते. सुतार येतो, पण खाटेची गाती किती जाड आहेत किंवा खूर कोणत्या लाकडाचे आहेत, हे तो पाहत बसत नाही. तो खाट थोडी हलवून पाहतो आणि गाते जेथे खुरात शिरले असेल तेथे बोट ठेवतो. लाकडाला कोठेच चीर गेलेली नसते. गात्याचे कुसू तेवढे झिजलेले असते आणि खुराची खाच रुंद झालेली असते. योग्य जागी एक पाचर ठोकली की तीच खाट पुढे कित्येक वर्षे निमूटपणे काम देते.

सुताराच्या या अनुभवात जे तत्त्व आहे, तेच वीस-बावीस मजल्यांच्या इमारतीलाही लागू पडते. अनेक भाग जोडून जी वस्तू तयार होते, तिचे बळ केवळ तिच्या भागांत असून भागत नाही. ते तिच्या सांध्यांतही असावे लागते. हे तत्त्व माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तरीही त्याचा विसर पडल्याची फार मोठी किंमत एकदा लंडन शहरात मोजावी लागली. ती हकीकत नीट समजण्यासाठी काँक्रीटची इमारत कशी बांधतात, हे प्रथम पाहिले पाहिजे.

सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचे मिश्रण म्हणजे काँक्रीट. कालवल्यावर ते चिखलासारखे मऊ असते आणि काही तासांत आवळून दगडासारखे कठीण होऊ लागते. दाब सोसण्यात ते मोठे समर्थ असते. परंतु ताण पडला, म्हणजे दोन्ही बाजूंनी ओढले गेले, तर ते चटकन तडकते. म्हणून त्यात पोलादी सळया घालतात. दाब काँक्रीटने सोसावा आणि ताण सळईने, अशी ही कामाची वाटणी असते.

नेहमीच्या पद्धतीत इमारतीच्या जागेवरच फळ्यांचे साचे उभारतात, त्यांत सळया रचतात आणि वरून काँक्रीट ओततात. खांबातील सळया तुळईत शिरतात, तुळईतील सळया स्लॅबमध्ये जातात. सर्व काँक्रीट आवळल्यावर खांब कोठे संपला आणि तुळई कोठे सुरू झाली, हे सांगता येत नाही. वेरूळचे कैलास लेणे एकाच खडकातून कोरून काढल्यामुळे जसे अखंड आहे, तशीच काहीशी अखंडता या इमारतीला लाभते.

दुसरी पद्धत पूर्वनिर्मित बांधकामाची. या पद्धतीत भिंतींचे मोठे तक्ते, स्लॅब, जिने आणि कधी कधी तर खोलीएवढ्या संपूर्ण पेट्या कारखान्यात आधीच ओतून तयार करतात. एकच साचा शेकडो वेळा वापरता येतो. पाऊस असो की ऊन, छपराखाली काम अखंड चालते. मापे काटेकोर राहतात. मग हे तयार भाग मोठ्या वाहनांतून जागेवर आणतात, यारीने उचलतात आणि एकावर एक रचून इमारत उभी करतात. वेळ वाचतो आणि थोड्या अवधीत पुष्कळ घरे तयार होतात. मात्र येथे एक नवा प्रश्न उभा राहतो. कैलास लेण्याला सांधा नाही. या इमारतीला हजारो सांधे असतात. तिचे सारे भाग कितीही भक्कम असले, तरी ते एकमेकांना धरून कसे राहणार?

हे समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करून पाहावा. दोन जाड पुस्तके थोड्या अंतरावर उभी करावीत व त्यांवर एक पुठ्ठा आडवा ठेवावा. त्या पुठ्ठ्यावर पुन्हा दोन पुस्तके उभी करून दुसरा पुठ्ठा ठेवावा. झाली दुमजली इमारत! वरच्या पुठ्ठ्यावर हाताने हळूच दाबले तरी ती पडत नाही. आता खालच्या मजल्यावरील एका पुस्तकाला आतून बाहेरच्या बाजूस बोटाने ढकलावे. पुस्तक कलंडते, पुठ्ठा एका बाजूने खाली येतो आणि त्याच्यामागोमाग वरचा मजलाही कोसळतो. एकही पुस्तक फाटले नाही, एकही पुठ्ठा मोडला नाही. तरी इमारत पडली. याचे कारण उघड आहे. पुठ्ठा पुस्तकावर केवळ टेकलेला होता, त्याच्याशी बांधलेला नव्हता.

या प्रयोगावरून सांध्याची तीन कामे ध्यानात येतात. वरच्या भागाचे वजन खालच्या भागाकडे सुरक्षितपणे पोहोचवणे, हे पहिले काम. एक भाग दुसऱ्यावरून सरकू न देणे, हे दुसरे. आणि दोन भाग एकमेकांपासून दूर ओढले जाऊ लागले तर त्यांना घट्ट धरून ठेवणे, हे तिसरे. यांपैकी पहिल्या कामाची परीक्षा रोज होत असते, कारण वजन रात्रंदिवस खाली दाबतच असते. दुसऱ्या व तिसऱ्या कामाची खरी परीक्षा मात्र क्वचित होते. वादळ, भूकंप किंवा स्फोट यांच्या दिवशी ती होते. त्या दिवसापर्यंत सैल सांधा आणि पक्का सांधा दोन्ही सारखेच दिसतात. धोका आहे तो येथेच.

सांधे पक्के करण्याच्या अनेक रीती आहेत. शेजारी शेजारी उभ्या केलेल्या दोन तक्त्यांच्या कडांतून सळयांचे फासे बाहेर आलेले असतात. तक्ते जवळ आणले की हे फासे एकमेकांत येतात. त्यांतून एक उभी सळई ओवतात आणि मधली फट काँक्रीटने भरून काढतात. तक्त्यांच्या कडांना करवतीच्या दात्यांसारख्या खाचाही ठेवलेल्या असतात. फटीतील काँक्रीट त्या खाचांत शिरून आवळले, म्हणजे तक्त्यांना एकमेकांवरून सरकता येत नाही.

खालचा तक्ता वरच्या तक्त्याशी जोडण्याची रीत आणखी कौशल्याची आहे. खालच्या तक्त्याच्या माथ्यातून सळया वर आलेल्या असतात आणि वरच्या तक्त्याच्या तळाशी त्यांच्यासाठी पोलादी नळ्या बसवलेल्या असतात. तक्ता यारीने अलगद खाली उतरवताना प्रत्येक सळई आपापल्या नळीत बरोबर शिरावी लागते. मग ओळंबा लावून तक्ता सरळ करतात, त्याला तिरके आधार देतात आणि नळीच्या खालच्या भोकातून सिमेंटचे बारीक, प्रवाही मिश्रण पंपाने आत सोडतात. या मिश्रणाला ‘ग्राऊट’ असे म्हणतात. ते नळी भरत भरत वर चढते आणि शेवटी वरच्या भोकातून बाहेर पडते. ते बाहेर पडले म्हणजेच नळी पूर्ण भरली असे समजायचे. ग्राऊट आवळल्यावर वरची व खालची सळई जणू एकच होते.

याखेरीज कोरडे सांधेही असतात. काँक्रीटमध्ये आधीच बसवलेल्या पोलादी पट्ट्या वेल्डिंगने किंवा बोल्टांनी एकमेकींना जोडतात. हे काम लवकर होते. मात्र पुढे गंजापासून आणि आगीपासून त्या पोलादाचे रक्षण करावे लागते. कॅनडातील मॉन्ट्रिऑल शहरात १९६७ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी मोशे साफदी या तरुण वास्तुशिल्पज्ञाने ‘हॅबिटाट ६७’ नावाची बारा मजली वसाहत उभारली. तिच्यात खोलीएवढ्या ३५४ काँक्रीटच्या पेट्या मुलांच्या ठोकळ्यांप्रमाणे मागेपुढे रचलेल्या आहेत. या पेट्या केवळ एकमेकींवर ठेवलेल्या नाहीत. पोलादी दांडे, यंत्राने ताणून बसवलेले पोलादी दोर आणि वेल्डिंग यांनी त्या परस्परांशी बांधलेल्या आहेत. ती वसाहत आजही उभी आहे आणि तेथे लोक राहत आहेत.

हॅबिटाटची कीर्ती जगभर पसरत होती, त्याच सुमारास लंडनमध्येही पूर्वनिर्मित घरांचे काम झपाट्याने चालले होते. १९३९ ते १९४५ या काळात झालेल्या दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षावाने त्या शहरातील असंख्य घरे नष्ट झाली होती. पुष्कळ कुटुंबे जुन्या, कोंदट घरांत दाटीवाटीने राहत होती. त्यांना लवकर घरे मिळावीत म्हणून ठिकठिकाणी उंच इमारती उठू लागल्या. पूर्व लंडनच्या न्यूहॅम भागात अशीच एक बावीस मजली इमारत मार्च १९६८ मध्ये पूर्ण झाली. तिचे नाव रोनन पॉइंट. डेन्मार्कमध्ये निघालेल्या एका पद्धतीने ती बांधलेली होती. तिला काँक्रीटच्या खांबांचा सांगाडा नव्हता. एकेका मजल्याएवढ्या उंचीच्या भिंतीच सारे वजन पेलत होत्या. भिंतीवर स्लॅब, स्लॅबवर पुन्हा भिंत, अशी ती रचना होती. नव्या, हवेशीर घरांत राहायला आलेले लोक आनंदात होते.

१६ मे १९६८ रोजी पहाटे पावणेसहाच्या सुमारास अठराव्या मजल्यावर राहणारी एक स्त्री चहा करण्यासाठी स्वयंपाकघरात गेली. शेगडीला गॅस पुरवणाऱ्या नळीच्या जोडावरील पितळी नट सदोष होता. तो तुटल्यामुळे घरात गॅस साठला होता. तिने काडी ओढताच स्फोट झाला. हा स्फोट फार प्रचंड नव्हता. प्रत्यक्ष त्याच घरात असलेली ती स्त्री त्यातून वाचली. परंतु स्फोटाच्या दाबाने त्या कोपऱ्यातील बाहेरची भिंत जागेवरून निसटून बाहेर फेकली गेली.

पुढे काय झाले, हे पुस्तकांचा आणि पुठ्ठ्यांचा प्रयोग करून पाहणाऱ्याला सहज कळेल. भिंत जाताच तिच्यावरील स्लॅबचा आधार गेला. तो खाली आला. त्याच्यावरची भिंत आली. तिच्यावरचा स्लॅब आला. अशा रीतीने वरच्या चार मजल्यांचा कोपरा ढासळला. एवढे वजन एकदम कोसळल्यावर ते खालच्या मजल्यांना पेलणे अशक्य होते. एकामागून एक मजला खचत गेला आणि इमारतीचा संपूर्ण कोपरा, वरपासून पायथ्यापर्यंत, पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळला. चार माणसे मृत्युमुखी पडली आणि सतरा जखमी झाली. ढासळलेल्या भागात मुख्यतः दिवाणखाने होते आणि पहाटेच्या वेळी बहुतेक लोक आपापल्या शयनगृहात होते, म्हणूनच आणखी मोठा अनर्थ टळला.

सरकारने चौकशी नेमली. ह्यू ग्रिफिथ्स हे कायदेपंडित तिचे प्रमुख होते. शेगडीचा नट हे स्फोटाचे कारण ठरले; पण एका खोलीतील स्फोटाने बावीस मजल्यांचा कोपरा का पडावा, या प्रश्नाचे उत्तर सांध्यांत सापडले. भिंती आणि स्लॅब यांना जागेवर धरून ठेवण्याचा मुख्य भार वरच्या वजनावर होता. वजन जितके जास्त तितकी पकड घट्ट. अठराव्या मजल्यावर वरचे मजले थोडे, म्हणून वजन थोडे आणि पकडही सैल. आतून जोराने ढकलले गेल्यावर भिंतीला अडवून धरील असे पोलादाचे बळकट बंधन तेथे नव्हते. आश्चर्याची गोष्ट ही की, त्या वेळच्या नियमांत ही इमारत बसत होती. वजन किती पेलावे आणि वारा किती सोसावा, हे नियम विचारत होते. परंतु एखादी भिंत अकस्मात नाहीशी झाली तर बाकीच्या इमारतीचे काय होईल, हा प्रश्न त्या नियमांनी विचारलाच नव्हता.

१९७० साली ब्रिटनमध्ये तो प्रश्न नियमांत आला. पाच किंवा अधिक मजल्यांच्या इमारतीचा एखादा भाग निकामी झाला, तरी त्या मानाने अतिशय मोठा भाग कोसळता कामा नये, असे ठरले. त्यासाठी प्रत्येक मजल्याभोवती, त्याच्या आरपार आणि तळापासून माथ्यापर्यंत पोलादी सळयांचे अखंड बंध असावेत, ही रीत रूढ झाली. गवताच्या पेंढीला ज्याप्रमाणे आळ्याने आवळून बांधतात, त्याप्रमाणे हे बंध सर्व भागांना एकत्र धरतात. एक भिंत गेली तरी तिच्यावरचा स्लॅब या बंधांच्या आधाराने लोंबकळत राहतो आणि आपले वजन शेजारच्या भिंतींकडे वळवतो. तेवढ्या वेळात माणसांना बाहेर पडता येते.

रोनन पॉइंटचा पडलेला कोपरा पुन्हा बांधण्यात आला, सांध्यांना पोलादाची जोड देण्यात आली आणि लोक तेथे पुन्हा राहू लागले. परंतु तिची कहाणी येथे संपली नाही. पुढे तिच्या सुरक्षिततेविषयी पुन्हा शंका निघाल्या आणि रहिवाशांना हलवण्यात आले. १९८६ मध्ये ती इमारत सुरुंगाने न उडवता, तिचे सांधे नीट तपासता यावेत म्हणून, एकेक मजला सुटा करीत उतरवण्यात आली. तेव्हा जे दिसले ते पाहून जाणत्यांनाही धक्का बसला. ज्या फटी सिमेंटच्या मिश्रणाने ठासून भरायच्या, त्यांतील काही पोकळच होत्या. काहींत तर वर्तमानपत्रांचे कागद कोंबलेले होते. भिंतीचा तक्ता समतल करण्यापुरते जे दोन बोल्ट असत, त्यांच्यावरच काही ठिकाणी भिंतीचा भार टेकलेला होता. अठरा वर्षे या पोकळ जागा भिंतींच्या आड झाकलेल्या होत्या आणि त्यांच्या आधाराने माणसे निश्चिंतपणे झोपत होती.

यावरून पूर्वनिर्मित बांधकामच वाईट, असा निष्कर्ष कोणी काढील तर ते योग्य होणार नाही. ७ डिसेंबर १९८८ रोजी त्या वेळी सोव्हिएत संघात असलेल्या आर्मेनियात मोठा भूकंप झाला. लेनिनाकान, म्हणजे आजचे ग्युम्री, या शहरात पूर्वनिर्मित इमारती दोन प्रकारच्या होत्या. एका प्रकारात सुटे खांब व तुळया जोडून सांगाडा केलेला होता. त्याचे जोड भूकंपात सर्वांत अधिक ओढाताण होते नेमक्या त्याच जागी होते आणि स्लॅबचे तक्तेही एकमेकांशी नीट बांधलेले नव्हते. अशा नऊ मजली इमारतींपैकी निम्म्याहून अधिक जमीनदोस्त झाल्या. दुसऱ्या प्रकारातील इमारती मोठ्या भिंतींच्या तक्त्यांच्या होत्या आणि त्यांचे सांधे लांब व जागच्या जागी भरून काढलेले होते. त्या जवळजवळ शाबूत उभ्या राहिल्या. भूकंप तोच, शहर तेच. फरक होता तो भागांच्या रचनेत आणि सांध्यांत.

भारतालाही हा धडा मिळाला आहे. २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातमध्ये झालेल्या भूकंपात कच्छमधील काही पूर्वनिर्मित शाळांच्या छतांचे तक्ते भिंतींवरून निसटून वर्गात पडले. ते भिंतींवर टेकलेले होते. पण भिंतींशी आणि परस्परांशी पुरेसे बांधलेले नव्हते. प्रजासत्ताक दिन असल्यामुळे त्या सकाळी वर्ग भरलेले नव्हते, हे सुदैव.

आज आपल्या देशात घरांची गरज मोठी आहे आणि ही पद्धत पुन्हा पुढे येत आहे. महाराष्ट्रात सिडकोने २०२२ साली नवी मुंबईतील बामणडोंगरी येथे पूर्वनिर्मित भाग जोडून ९६ घरांची इमारत ९६ दिवसांत उभी केली. कारखान्यात ओतलेले तक्ते पावसाळ्यातही वेळेवर तयार होतात आणि त्यांची मापे चुकत नाहीत. ते पक्के आहेत की नाही, हे यंत्राने तपासता येते. सांधा मात्र कारखान्यात होत नाही. तो उन्हात, वाऱ्यात, पंधराव्या-विसाव्या मजल्यावर उभा असलेला कारागीर आपल्या हातांनी भरतो.

त्या कारागिराची जबाबदारी किती मोठी असते! नळीत ग्राऊट सोडताना ते वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत त्याने थांबले पाहिजे. तो लवकर थांबला, तर नळी अर्धीच भरते. दुसऱ्या दिवशी गिलावा होतो, मग रंग चढतो आणि ती अर्धी नळी कायमची दृष्टीआड होते. म्हणून चांगल्या कामावर प्रत्येक सांध्याची नोंद ठेवतात आणि तो झाकण्यापूर्वी दुसरा जाणकार येऊन तो तपासून जातो. तरीही शेकडो सांध्यांपैकी एखाद्यापाशी कारागीर एकटाच असतो. तेथे त्याला पाहणारे कोणी नसते.

पुढे त्या घरात कोण राहणार आहे, हे त्या कारागिराला ठाऊक नसते आणि राहणाऱ्यांनाही त्याचे नाव कधी कळत नाही. रात्री दार लावून माणसे निर्धास्त झोपी जातात. त्यांच्या उशाशी असलेल्या भिंतीत, कोणाच्याही नजरेस न पडणारी ती नळी काठोकाठ भरलेली असते. म्हणूनच ती झोप सुखाची होते.